मालनची जागा

अध्यक्ष, तालमीतली वडीलधारी मंडळी, पेठेतल्या माझ्या बायांनो, आणि कागलहून आलेले पाहुणे,

मला पाच मिनिटं दिलीत. बालवाडीविषयी चार शब्द बोला, बाई, असं सांगितलंय. जन्मभर पोरांपुढे बोलत आले मी. या सभेतल्या निम्म्या लोकांना मी हात धरून पाटीवर गिरवायला लावलंय. तुमच्यापुढे बोलायची मला कधी भीती वाटली नाही. आज वाटते आहे. सकाळपासून मनात होतं की जाऊ नये, डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडावा. मग वाटलं, मी नाही आले तर सभा वेळेत संपेल, सगळे घरी जातील, आणि जे ठरायचं ते चहाच्या कपाबरोबर ठरून जाईल. म्हणून आले.

मालन गेली. परवा तिचं तेरावं झालं. हा समोरचा फोटो बालवाडीच्या फोटोतून कापून मोठा केलाय, म्हणून तिच्या खांद्यावर कुणा पोराचा हात दिसतो. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. तिचा नवरा वसंता पुढे बसलाय. त्याची आई हौसाबाई बायकांत बसल्यात. मालनचे वडील, कागलचे आप्पा, तिकडं खांबाला टेकून बसलेत आणि त्यांच्या मागं त्यांची धाकटी लेक सुशीला. एवढे सगळे एका ठिकाणी पुन्हा कधी सापडायचे नाहीत.

माझ्या आधी जे बोलले त्यांनी एक वाक्य म्हटलं. मोठ्या मनानं म्हटलं, मी त्यांना नावं ठेवत नाही. ते म्हणाले, मालनताईंच्या पोटी मूल नव्हतं, पण पेठेतली सगळी मुलं त्यांचीच होती. टाळ्या वाजवायची सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. मी मात्र खाली बसून हात चोळत होते. मंडळी, हे वाक्य मालनला जिवंतपणी कुणी ऐकवलं होतं का?

तिला ऐकवलं होतं ते वेगळंच. ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर तो शब्द मी उच्चारणार नाही.

मालन कागलहून लग्न होऊन आली तेव्हा सातवी शिकलेली होती आणि बोलायला फटकळ होती. नळावर पहिल्यांदा भेटली तेव्हाच तिनं मला विचारलं, तुमच्या शाळेत मोठ्या बायकांना घेतात का. मी म्हटलं, नाही घेत. तर म्हणाली, मग नुसती बघायला येते. आली. ओट्यावर बसून पहिलीचा वर्ग बघायची. पुढं याच तालमीच्या मागच्या खोलीत तिनं बालवाडी सुरू केली. अध्यक्ष, तुमचा धाकटा तिच्या मांडीवरच झोपायचा, नाहीतर झोपायचाच नाही. पोरांची नाकं पुसणं, भांडणं सोडवणं, गाणी म्हणणं, सगळं ती एकटी करायची. पोरं घरी जायला तयार नसायची. आया दारात उभ्या राहून हाका मारायच्या आणि पोरं मालनच्या पदराखाली लपायची.

आणि त्याच आयांच्या घरी बारसं असलं की काय व्हायचं? पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहायच्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. त्यात मालन नसायची. ती उंबऱ्याबाहेर चपला नीट लावत बसायची. दिवसभर पोर सांभाळायला मालन चालायची, पण त्याच पोराच्या पाळण्याला तिचा हात चालत नव्हता. बायांनो, खाली बघू नका. मी पण त्या बारशांना होते. रीतच तशी, आपण सगळ्याच त्या रीतीत वाढलेल्या.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकायला लागली. तुमच्याही लक्षात आली असेल, बोललं कुणी नाही. आपल्या गल्लीत गोविंद घ्या म्हणायला लेकुरवाळ्या बायका पुरेनात. दोन्ही बाजू भरायला शेजारच्या गल्लीतून बायका बोलवाव्या लागायला लागल्या. माझ्या शाळेत या गल्लीची पोरं पूर्वी एक अख्खी रांग भरून बसायची. ती रांग तुटत गेली. शेजारच्या गल्लीची पोरं येत होती, पलीकडच्या बोळातली येत होती, आपल्याच गल्लीची येत नव्हती. शेवटी गल्लीपुरत्या चाललेल्या मालनच्या बालवाडीत पोरंच उरली नाहीत आणि खोलीत तालमीच्या चटया ठेवायला लागले. त्या दिवशी मालन माझ्याकडे येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, बाई, सगळ्या बायका एकदम कशा बिघडतील?

मीही तोच प्रश्न तुम्हाला विचारते. सगळ्या बायका एकदम कशा बिघडतील?

आपल्या गल्लीत वेगळं काय होतं? आपले गडी. या तालमीत घुमलेली, अंगापिंडानं दणकट पोरं. शिरोलीला कारखाने उभे राहिले तेव्हा भट्टीवर असलीच माणसं हवी होती. एक गेला, त्यानं दुसऱ्याला नेलं, भावानं भावाला नेलं. सायकली घेऊन सगळी गल्ली शिरोलीला. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी, वितळलेल्या बिडाच्या लोखंडाच्या पुढ्यात. कुणी पितळ-शिशाच्या धुरात. संध्याकाळी येणार ते काळे होऊन, मग कडकडीत पाण्यानं अंघोळ, मग लंगोट आवळून तालीम. आपल्याला अभिमान होता त्याचा. मला पण होता. भट्टीपुढं उभं राहायला छाती लागते, असं आपण म्हणायचो. ज्यांची पोरं दुकानात बसायची त्यांना आपण हसायचो. त्यांच्या घरी पाळणे हलत होते, एवढं आपल्याला दिसलं नाही.

मग कारणं शोधली आपण. काय काय शोधली! कुणी म्हणालं, आडाचं पाणी बाधलं. आड बुजवला. कुणी म्हणालं, देवीचा कोप. देवीला साड्या नेसवल्या. अहो, देवीचा कोप म्हणावा तर दस्तगीरभाईंच्या सुनेवर देवी कशाला कोपेल? दस्तगीरभाई, तुमचा मुलगा पण भट्टीवरच आहे ना? तुम्ही दर्ग्यात चादर चढवली, आम्ही देवळात साडी, आणि दोन्ही घरं तशीच रिकामी. कुणी म्हणालं, हल्लीच्या पोरींना मुलं नकोच असतात, सिनेमे बघून बिघडल्यात. एका घरानं सून माहेरी धाडली आणि दुसरी आणली. घराचं नाव घेत नाही. दुसरीचीही कूस उजवली नाही. पहिलीसाठी मात्र तिच्या माहेरच्यांनी दुसरं घर बघितलं, आणि तिला मुलगी झाली. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माहीत असून आपण त्यातून काही शिकलो नाही. आपण सुना बदलून बघितल्या, देव बदलून बघितले, पाणी बदलून बघितलं. भट्टीचा विचार एकाच्याही मनात आला नाही. कारण भट्टी म्हणजे पोट, आणि पोटावर संशय कोण घेणार?

आणि कळस म्हणजे तो सत्कार. आठवतो का? आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. कुटुंब कल्याणचे साहेब जीपमधून आले होते, याच हॉलमध्ये. भिंतीवर लाल त्रिकोण लावला. म्हणाले, या गल्लीनं छोट्या कुटुंबाचं महत्त्व ओळखलं, सगळ्या शहरानं आदर्श घ्यावा. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा नाही असे गडी रांगेत उभे राहून नारळ घेत होते. वसंताही होता त्या रांगेत. काय करणार होता बिचारा? नको साहेब, आम्हाला मूल हवंय, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मालन माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदर तोंडात धरला होता. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर हसत होती. तसलं हसणं मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही.

माझा मुलगा पुण्याला आहे. सून टेलिफोन खात्यात. त्यांची खोली एक, तीही भाड्याची. दोघं सकाळी बाहेर पडतात, अंधार पडल्यावर येतात. मूल कोण सांभाळणार, म्हणून त्यांनी लांबवलं. आता झालं तरी एकावरच थांबणार म्हणतात. मला वाईट वाटतं, पण त्यांचं त्यांना कळतं. आजकाल जागा नाही, वेळ नाही, लग्नंही उशिरा होतात, मुलं कमी होणारच. पण बघा मंडळी, माझ्या सुनेनं नको म्हटलं म्हणून मूल झालं नाही, तर तिला लोक शहाणी म्हणतात. मालनला हवं असून झालं नाही, तर हिचं पाप. दोघींच्या घरात पाळणा नाही. एकीला जीपमधून साहेब नारळ आणून देईल आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर चपला लावायला बसवतील.

आता मी जिथं येऊ नये म्हणत होते तिथं आले.

मालनला घेऊन मी राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. घरी सांगितलं, बालवाडीची खेळणी आणायला जातो. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं, पुन्हा एकदा बोलावून तपासलं, आणि माझ्यासमोर सांगितलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून इथं उभी राहून सांगते. त्या म्हणाल्या, "मालन, तुझ्यात कसलाही दोष नाही. मालक काय काम करतात?" मालन म्हणाली, भट्टीवर. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, खात्रीनं मी काही सांगत नाही, पण सतत एवढ्या उष्णतेत राहिलं की पुरुषाच्या अंगात फरक पडू शकतो. शिशाच्या धुरानंही पडतो. त्यांना तपासायला आणा. तोवर निदान अंघोळीला गार पाणी द्या, आणि जमलं तर काम बदलायला सांगा.

परत येताना ती माझ्यापुढं भराभरा चालत होती. मला वाटलं आनंद झाला असेल. दोष नाही म्हणाल्या ना! मी तसं म्हटलं, तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडी. म्हणाली, "बाई, माझ्यात असता तर बरं झालं असतं की. आता हे मी घरात कुणाला सांगू?"

आणि मंडळी, आता तुम्हाला ती गार पाण्याची भांडणं आठवतील. सगळ्या गल्लीनं ऐकलीत. मालननं बंब पेटवायचा बंद केला. हौसाबाई नळावर येऊन सांगायच्या, पोरगं दिवसभर भाजून येतंय आणि ही भवानी त्याला गार पाण्यानं अंघोळ घालते. मी बंब पेटवला तर ही जाळ काढून टाकते, म्हणायच्या. सगळी गल्ली म्हणायची, काळीज नाही या बाईला, नवऱ्याच्या जिवावर उठलीय. आणि मालन? मालन शिव्या खायची आणि पाणी गारच ठेवायची. का, ते सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. हौसाबाई, तुम्हाला वाईट म्हणायला मी हे सांगत नाही. आईला लेकराचं अंग दिसतं. तुमच्या जागी मी असते तर मीही बंबच पेटवला असता.

वसंतानं काय केलं? वसंता माझा विद्यार्थी. मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो वाईट माणूस नाही. मालननं त्याला एकट्याला सांगितलं, आणि त्यानं कारखान्यात काम बदलून मागितलं. मशिनवर द्या, पॅकिंगला द्या, झाडलोटीला द्या म्हणाला. भट्टीचा कसबी माणूस झाडू मारायला मागतोय म्हटल्यावर विचारणारच ना, का रे बाबा? हा गप्प. पुन्हा विचारलं, काय झालं, अंगातला जोर संपला काय? चार माणसं हसली. हा वळला आणि भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. खरं कारण फाटकावर सांगायचं तर सगळ्या शिरोलीत बोभाटा, आणि न सांगता काम बदलून मिळत नाही. सोडून द्यावं म्हटलं तर फाटकाबाहेर त्या जागेसाठी दुसरे उभेच असतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तसाच तो भट्टीवर राहिला, आणि आजही आहे. उद्या सकाळी सायकल काढून तिथंच जाणार आहे. एकटा तो नाही, इथं बसलेले कितीतरी गडी जाणार आहेत.

त्यानंतर एकदा वसंता सुट्टी काढून मिरजेला जाऊन आला. तिथं काय झालं ते मी सांगणार नाही. मला माहीत नाही असं मी म्हणत नाही. मी सांगणार नाही, एवढंच म्हणते. मालननं मला देवीची शपथ घातलीय.

ती म्हणाली, "बाई, ह्यांचं नाव कुठं काढू नगासा. मला काय म्हणायचं ते म्हणू देत. बाईला म्हणत्यात, बाई ऐकून घेती. पर ह्येंच्याबद्दल एक सबूद निघाला तर तालमीत तोंड दावायचं न्हाईत ते. जीव देतील." मी भांडले तिच्याशी. मी म्हटलं, अगं त्याचा तरी काय दोष, भट्टीचा दोष. म्हणाली, लोकांना भट्टी दिसायची न्हाय बाई, माणूसच दिसतो.

मग तिची औषधं सुरू झाली. दोष नसलेल्या बाईची औषधं. हौसाबाईंना कुणी सांगितलं की कूस थंड पडलीय, मग तिला निखाऱ्यांची धुरी दिली. कुणी काढा आणला, कुणी डोंगरातून कसलंसं भस्म आणलं. ती सगळं मुकाट घ्यायची. का घ्यायची? न घ्यावं तर घरात विचारणार, का घेत नाहीस? आणि त्याला एकच उत्तर होतं, ते तिनं गिळून टाकलं होतं. मी म्हटलं, फेकून दे मोरीत. म्हणाली, आत्याबाई, म्हणजे हौसाबाई, समोर बसतात, घोट गिळेपर्यंत हलत नाहीत. वसंता बाहेर ओट्यावर बसलेला असायचा. त्याला आतलं ऐकू यायचं. तो उठून आत जायचा नाही आणि लांबही जायचा नाही.

पुढं तिला कावीळ झाली. त्या भस्मानंच झाली असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. दवाखान्यात विचारलं होतं, काय काय औषधं घेत होत्या. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तिला शुद्ध होती, ती पण बोलली नाही. वसंतानं तिला दोन्ही हातांवर उचलून वरच्या मजल्यावर नेलं होतं, आणि तो तिच्या उशापासून हलला नाही, हेही मी सांगितलं पाहिजे. ती असेपर्यंत दुसरं लग्न कर म्हणून घरानं किती डोकं खाल्लं, त्यानं केलं नाही. माया होती रे तुझी, वसंता. मी नाही म्हणत नाही.

शेवटी मी दवाखान्यात गेले तेव्हा तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मला वाटलं शपथेची आठवण करून देते आहे. तशी दिलीच. आणि मग माझा हात धरून म्हणाली, "आन् बाई, माझ्या माघारी सुशीला हितं येऊ देऊ नगासा. आप्पा आणून देतील. तेवढं बघा."

म्हणजे बघा मंडळी. वसंताचं नाव काढायचं नाही, आणि सुशीला इथं येऊ द्यायची नाही. दोन्ही गोष्टी माझ्याच गळ्यात. एका तोंडानं मी दोन्ही कशा करू? बोलले तर पहिली शपथ मोडते, गप्प बसले तर दुसरी. तिनं मला कसं अडकवलं हे तिलाही कळत होतं. म्हणाली, तुम्ही शिकलेल्या हायसा, काढशीला काहीतरी वाट. पंधरा दिवस झाले, मला काही वाट सापडलेली नाही. जेवण जात नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये मी म्हातारी उभी आहे.

आप्पा, आता तुमच्याशी बोलते. तेराव्याला तुम्ही माझ्याजवळ बसला होता. तुम्ही काय म्हणालात ते मी चारचौघांत सांगितल्याबद्दल माफ करा. तुम्ही म्हणालात, "थोरलीनं ह्यांच्या घराला वंश दिला न्हाय बाई. आमची मान खाली गेली. आता धाकटी देतो म्हंजे फिटलं." हौसाबाईंनी मान हलवली. आपल्याकडं ही रीत आहे, बहिणीच्या जागी बहीण. चांगल्या मनानं करता तुम्ही. कुणी कुणाला फसवत नाही इथं, हेच मला जास्त लागतं. सगळे चांगलेच आहेत आणि पोरगी मात्र चालली.

आप्पा, तुमची मान खाली जाण्यासारखं काही घडलेलं नाही. मालनमध्ये दोष नव्हता. हे डॉक्टरीणबाईंचे शब्द आहेत, मी ऐकलेले आहेत, आणि मालननं तिच्याबद्दल बोलायला मला बंदी केलेली नाही. तिनं तिच्या नवऱ्याबद्दल बंदी केलीय. म्हणून मी तुम्हाला मालनचं सांगते, तुमच्या लेकीचं. ती जशी तुम्ही दिली तशीच होती, धडधाकट. तुम्ही या घराचं काही देणं लागत नाही. तिच्या जागी कुणाला बसवायचं कारण नाही. ती जागा कसली होती, हे मघापासून मी सांगते आहे.

सुशीला कॉलेजात शिकते. कागलहून रोज एस.टी.नं येते, बहिणीकडं डबा खाऊन परत जायची. तिला कुणी विचारलंय का? मी विचारलं. ती म्हणाली, आप्पा म्हणतील तसं. अगदी मालनसारखं म्हणाली, तसंच खाली बघून. दोन-चार वर्षांनी हिलाही निखाऱ्यांवर बसवतील. हिच्याही समोर काढ्याची वाटी येईल. आणि गल्ली म्हणेल, दोघी बहिणी तसल्याच, कागलचं बीच खोटं.

हौसाबाई, तुम्हाला नातवंड हवंय. त्यात काय पाप आहे? मला पण नातवंडं हवी होती, घर भरून. तुम्ही या सगळ्यात एकट्या पडलात, कारण तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही अंधारात चाचपडत काढे शोधत राहिलात. तुमच्यावर माझा राग होता. आज नाही.

मी कुणाचं नाव काढलं का? मालनच्या फोटोकडं बघून सांगा. डॉक्टरीणबाई भट्टीबद्दल जे बोलल्या ते त्या सगळ्या भट्टीवाल्यांबद्दल बोलल्या. मिरजेचं मी काही सांगितलेलं नाही. कदाचित एवढं बोलले त्यानंही ती माझ्यावर रागावली असेल. रागावू दे. वर गेले की तिची समजूत काढीन.

पण वसंता, मिरजेचं तू सांगू शकतोस. तुला तिनं शपथ घातलेली नाही. ज्याला लाज वाटू नये म्हणून ती गप्प बसली, त्यानं स्वतः तोंड उघडलं तर कुणाची शपथ मोडत नाही. मला माहीत आहे मी काय मागते आहे. या तालमीत, या गड्यांसमोर, सासऱ्यासमोर. इथं आजवर कुठल्या पुरुषानं असलं काही सांगितलेलं नाही. पण तुझ्या मागं बसलेल्या गड्यांकडं एकदा वळून बघ. ते तुला हसत नाहीत. त्यांच्यातल्या कितीजणांच्या घरी पाळणा आहे? त्यांनाही कुणीतरी आधी बोलायला हवंय. तू बोललास तर उद्या सगळे मिळून कारखान्यात जाऊन सांगतील की भट्टीवर माणसं आळीपाळीनं लावा. एकटा गेलास तेव्हा हसले. एवढे गेलात तर हसायला उरतं कोण?

आणि नाहीच बोललास तर मी तुझा तिरस्कार करणार नाही. मग ती सुशीला या घरात येईल आणि मी माझ्या खिडकीतून बघत राहीन. तेवढंच माझ्या हातात उरतं.

पाच मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्ष, क्षमा करा. आता रीतीप्रमाणं मालनसाठी उभं राहू या. सगळ्यांनी उभं राहा. आप्पा, तुम्ही पण. सुशीला, ऊठ बाळ.

अध्यक्ष, दर सभेत तुम्ही घड्याळाकडं बघता आणि दोन मिनिटं झाली की बसा म्हणता. आज घड्याळाकडं बघू नका. आज बसा म्हणायचं वसंताकडं आहे. त्याला जे सांगायचं ते तो सांगेपर्यंत आपण असेच उभे राहू. घाई नाही, वसंता. माझे गुडघे दुखतात, पण मी उभी आहे.